मनी प्लांटच्या माहेरची माणसं

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात माझ्या सहीचा एक अर्ज आहे. त्यात 'पाळीव प्राण्याची जात' या रकान्यात 'मनी प्लांट', 'रंग' या रकान्यात 'हिरवा' आणि 'चावतो का?' या प्रश्नापुढे 'अद्याप नाही' असं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे. मी वेडा नाही. तीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्याचं जबाबदारीचं काम करून मुदतीआधी निवृत्त झालेला माणूस आहे. कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे मला शिपायापासून साहेबापर्यंत सगळे विचारायला यायचे. तरीही मी तो अर्ज भरला, सही केली आणि वर दोन पासपोर्ट साईज फोटो जोडले. एक माझा, एक मनी प्लांटचा.

हे का झालं ते सांगतो. आम्ही जूनमध्ये डोंबिवलीहून ठाण्याला, बाळकुमला, एकोणिसाव्या मजल्यावर राहायला आलो. डोंबिवलीकर ठाण्याला राहायला जातो तेव्हा तो नुसतं घर बदलत नाही, तो वर जातो. निघण्याआधी मी आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना गच्चीवर बोलावून बटाटेवडे खाऊ घातले आणि छोटंसं भाषणही केलं. 'आता इकडे येणं होणार नाही, पण तुमची आठवण येत राहील,' असं एक वाक्य मी त्यात टाकलेलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. माणसाने वडे द्यावेत, भाषण करू नये.

नवीन घरात सगळं होतं. गॅलरी होती, तिच्यातून खाडीचा एक तुकडा दिसायचा, नळाला चोवीस तास पाणी होतं. फक्त आमची हेमा बोलायची बंद झाली. भांडून नव्हे हो, भांडली असती तर मला बरंच वाटलं असतं. पंचवीस वर्षं मी बशीतून चहा प्यायलो की 'अहो, आवाज!' म्हणणारी बाई, आता मी कितीही फुर्र केलं तरी खिडकीबाहेर बघत बसायची. दोन दिवस मी मुद्दाम आवाज वाढवून बघितला. छे! शेवटी एका सकाळी तीच म्हणाली, "अहो, मी दिवाळीपर्यंत बघते. नाही रमले तर आपलं डोंबिवलीचं घर रिकामंच आहे. मी तिकडे जाईन. तुम्ही या, नाहीतर राहा."

"अगं, पण इथे कमी काय आहे?"

"काही नाही. इथे बेल वाजली की डिलिव्हरीवालाच असतो, एवढंच."

मला एकदम दोन गोष्टींची भीती वाटली. वडे खाऊ घालून, भाषण ठोकून गेलेला माणूस चार महिन्यांत कुठलं तोंड घेऊन परत जाणार, ही एक. आणि ती खरंच एकटी गेली तर मी या एवढ्या उंचीवर काय करणार, ही दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती, पण ती मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

आमची मुलगी क्षिप्रा बेंगळुरूला असते आणि तिला सगळ्यावर उपाय माहीत असतो. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, आईला झाडं आवडतात. घर हिरवंगार करून टाका. घरातल्या घरात जंगल. आई एकदम फ्रेश होईल."

मी घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत गेलो. काचेचं दार, आत एसी, आणि झाडांना ऐकायला मंद बासरी. चार पानांच्या एका झाडाची किंमत ऐकून मी पानं पुन्हा मोजली. चारच होती. मी विचारलं, "यात काय विशेष आहे?" तर तो मुलगा म्हणाला, "सर, हे हवा शुद्ध करतं." मी म्हटलं, "बाबा रे, मग बाकीची झाडं काय करतात?" मी दावा फेटाळून बाहेर आलो.

आणि बाहेर येताना मला ती कल्पना सुचली. मी तिच्यावर एवढा खूष झालो की रिक्षात एकटाच हसत बसलो. अरे, झाड ही विकत घ्यायची गोष्ट आहे का? आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक ग्रिलमध्ये, जिन्यात, टाकीवर नुसती झाडंच झाडं. एक-एक फांदी मोडून आणायची आणि खोचायची. सगळं फुकट! त्या क्षणी कुणीतरी माझा कान धरून सांगायला हवं होतं की डोंबिवलीत फुकट काही मिळत नाही. तिथे पैसे घेत नाहीत, नातं जोडतात.

दुसऱ्या दिवशी तीन मोठ्या पिशव्या घेऊन मी डोंबिवलीत हजर झालो. आधी दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाईंकडे. या शाळेतल्या निवृत्त बाई. क्षिप्राला त्यांनी चौथीत शिकवलं, आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'क्षिप्राचे बाबा' आहे. त्यांच्या दारावरून गेलेला मनी प्लांट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलाय. मी फांदी मागितली तर बाईंनी मला खुर्चीत बसवून चौकशी सुरू केली. घराचं तोंड कुठे? ऊन किती वाजता येतं? घरात कोणाला राग पटकन येतो? मी सगळी उत्तरं दिली. मग त्यांनी कात्रीने एक हातभर फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि क्षणभर हातातच धरून ठेवली.

"क्षिप्राचे बाबा, तेरा वर्षं वाढवलीय. नीट ठेवा."

मी म्हटलं, "बाई, निर्धास्त राहा." ही माझी पहिली चूक.

तळमजल्याच्या कलावतीबाई कोकणातल्या. त्यांनी अबोली दिली, कोरफड दिली, ओव्याचं रोप दिलं, आणि दारातून निघताना "थांबा हां भावोजी" म्हणून आत गेल्या. बाहेर आल्या त्या ताट घेऊन. अबोलीच्या डब्याला हळदीकुंकू लावलं, मुठीने तांदूळ घातले, वर एक सुपारी ठेवली. चक्क ओटी भरली! आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आमची लेक दिली हो तुमच्याकडे. तशी गुणाची आहे. पण दुपारचं ऊन सोसत नाही तिला."

मी घड्याळ बघत "हो हो" म्हणालो. एखादा शहाणा माणूस तिथूनच पळाला असता.

वरच्या मजल्यावरचे उत्तमराव मूळचे साताऱ्याकडचे, पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त. त्यांनी स्नेक प्लांटची तीन पाती दिली, पण देण्याआधी खिशातून टेप काढून ती मोजली आणि वहीत लिहून ठेवली. म्हणाले, "गैरसमज नको गुरुदत्तराव. वाढ किती झाली ते कळाया नको का?"

अशी एकूण तेवीस रोपं झाली. श्रीखंडाच्या डब्यात, फुटक्या कपात, एक तर जुन्या प्रेशर कुकरात. शिवाय मातीची एक गोणी. हे सगळं टॅक्सीत घालून मी बाळकुमला आलो, आणि आमच्या गेटवर साकेत उभा.

साकेत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. वय एकतीस. आयटीतला. सोसायटीचं सगळं काम त्याने एका अ‍ॅपवर नेलंय, त्यामुळे आता कुठलंच काम माणसाच्या तोंडून होत नाही. मातीची गोणी बघून त्याने हात वर केला.

"अंकल, लूज माती मेन लिफ्टमध्ये अलाऊड नाहीये. सर्व्हिस लिफ्ट, दोन ते चार. आणि पाचपेक्षा जास्त कुंड्या असतील तर रजिस्टर कराव्या लागतील. ठराव आहे."

"कर की मग."

त्याने फोनवर बोट फिरवलं, मग अजून फिरवलं. "सिस्टममध्ये झाडांचा ऑप्शनच नाहीये, अंकल. भाडेकरू आहे, गाडी आहे, कामवाली बाई आहे आणि पाळीव प्राणी आहे."

"मग?"

"पाळीव प्राणीच सगळ्यात जवळचं आहे ना. म्हणजे, जिवंत आहे."

यावर मी काय वाद घालणार? तेवीस झाडं म्हणजे तेवीस फॉर्म, अ‍ॅपवर एकदा आणि ऑफिसात कागदावर एकदा. लसीकरणाच्या रकान्यात मी 'कडुनिंबाचा अर्क, महिन्यातून एकदा' असं लिहिलं. 'रात्री आवाज करतो का?' ला 'नाही'. सातव्या फॉर्मनंतर मला त्यात थोडी गोडीही लागली, हे मी कबूल करतो. कुकरातल्या तुळशीच्या स्वभावापुढे मी 'शांत, धार्मिक' असं लिहिलंय.

झाडं मांडली. सोफ्यामागे, टीव्हीशेजारी, फ्रिजवर, बाथरूमच्या खिडकीत. हेमा दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, "कसं वाटतं?" ती म्हणाली, "बरं आहे." त्या 'बरं आहे' मध्ये मला बरं काही दिसलं नाही. मी मग शास्त्रशुद्ध कामाला लागलो. भिंतीवर तक्ता लावला, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पेले पाणी, एकही नागा नाही. आठव्या दिवशी मनी प्लांटचं एक पान पिवळं पडलं, आणि नवव्या दिवशी इंटरकॉम वाजला.

"साब," गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मनी प्लांट की मम्मी आयी है।"

बाई आलेल्या, डोंबिवलीहून, बसने, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. अ‍ॅपवर 'भेटीचे कारण' विचारलं तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलेलं. त्या चपला काढून सरळ मनी प्लांटपाशी गेल्या, चष्मा बदलला, मातीत बोट घातलं, आणि मागे न बघता म्हणाल्या, "क्षिप्राचे बाबा, इकडे या."

मी गेलो.

"हे काय आहे?"

"पान आहे, बाई."

"कसलं पान आहे?"

"पिवळं."

"का पिवळं आहे?"

मी चौथीत नव्हतो. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि माझ्याच हॉलमध्ये उभा होतो. पण माझे हात आपोआप पाठीमागे गेले आणि नजर खाली. आतून, स्वयंपाकघरातून, हेमाचं खुसखुस हसू आलं. मग तिने बाईंना पोहे केले आणि दोघी दीड तास बोलत बसल्या. विषय मी होतो. मी लहानपणापासून कसा धांदरट असणार, याबद्दल दोघींचं एकमत झालं. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, पण सगळं ऐकू येत होतं, कारण या नवीन इमारतींच्या भिंती काही खऱ्या नसतात.

त्यानंतर रांगच लागली. पुढच्या रविवारी कलावतीबाई. दारातच अबोलीला बघून "अगं बाई गं, काय ही दशा!" म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला परसात उभी करून धुणी धुवायला लावतो. "भावोजी, खायला-प्यायला घालता ना नीट?"

"दोन वेळा पाणी देतो हो!"

"नुसतं पाणी! आमच्याकडे तांदळाचं धुवण, ताक, सगळं मिळायचं तिला." आणि मग हेमाला, "वहिनी, श्रावण आलाय. आठ दिवस माहेरी नेते. थोडं अंगावर धरेल."

आणि नेली की! अबोली रिक्षात बसून डोंबिवलीला गेली. आठ दिवसांनी परत आली ती खरोखर भरलेली, टवटवीत, डोक्यावर चार फुलं घेऊन. सोबत कलावतीबाई, त्यांची सून आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. रिकाम्या हाताने लेकीला पाठवायचं नसतं म्हणे. मग डबा रिकामा पाठवायचा नसतो म्हणून हेमाने लाडू केले. उत्तमराव टेप घेऊन आले आणि तिसरं पातं अर्ध्या इंचाने आखूड झालंय, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, "अहो, झाड आखूड कसं होईल?" तर म्हणाले, "आवो, जाचाला कंटाळलं असंल. आखडून घेतं मग." पुरुष असून मला सासूचा जाच केल्याचा आरोप सहन करावा लागला, आणि माझी बायको तिथेच उभी राहून "खरंय हो" म्हणाली.

एवढ्यात अठराव्या मजल्यावर पाणी गळलं. माझ्या गॅलरीतलं कुंड्यांचं मातकट पाणी खालच्या बाईंच्या योगासनाच्या चटईवर पडलं. त्यांनी अ‍ॅपवर तक्रार टाकली. अ‍ॅपने माझ्या फ्लॅटपुढे काय नोंद आहे ते बघितलं, आणि चारशे घरांच्या फोनवर एकाच वेळी संदेश गेला: 'फ्लॅट १९०३ मधील पाळीव प्राण्याने खालच्या गॅलरीत घाण केली आहे. मालकाने त्वरित लक्ष द्यावे.'

दोन दिवस मी लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लोक आपापली मुलं जवळ ओढून घेत होते. एका गृहस्थाने सहानुभूतीने विचारलं, "लॅब्रॅडॉर का?" मी "कोरफड" म्हटल्यावर तो सातव्या मजल्यावरच उतरला, राहतो अकराव्यावर. मी साकेतला जाऊन झाप झाप झापलं. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, तुम्ही त्याला डायपर... म्हणजे ट्रे ठेवा ना खाली."

तेव्हा माझा संयम संपला. मी ठरवलं, बस झालं! हे लोक माझ्या घरी येऊन, माझे पोहे खाऊन, माझी अक्कल काढतात, याचं कारण झाडं मरतुकडी आहेत. झाडं अशी काही वाढवून दाखवायची की एकाची बोलायची टाप होता कामा नये. मी जुन्या बाळकुम गावात गेलो. तिथे मंदिरामागे दौलत म्हणून एकाची भाजीच्या रोपांची छोटी वाडी आहे, टॉवरांच्या मधोमध अजून तग धरून. त्याला मी माझा तक्ता दाखवला. त्याने तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला, आणि म्हणाला, "काका, झार मरत नाय. मानूस पानी पाजून पाजून मारतं त्याला. बोट घाल मातीन. सुकं लागलं तरच दे."

तक्ता फाडला. झाडं पूर्वेच्या खिडकीशी नेली, कुंड्यांना भोकं पाडली, खाली ट्रे ठेवले, रोज सकाळी तेवीस कुंड्यांत बोट घालून बघू लागलो. गणपती गेले, नवरात्र आलं, आणि एके दिवशी बघतो तर काय, मनी प्लांट खिडकीच्या वर चढलेला! अबोलीला माहेरी न जाता फुलं. स्नेक प्लांटला दोन पिल्लं. मी स्वतः टेप आणून मोजलं. मग तेवीसच्या तेवीस झाडांचे फोटो काढून डोंबिवलीच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं: 'सर्व मंडळी सुखरूप आहेत. कुणीही काळजी करू नये. कळावे, लोभ असावा.' आयुष्यात एवढं समाधान मला कुठला दावा फेटाळूनही मिळालेलं नाही.

त्या रविवारी तिघंही एकदम आले. बाईंनी मातीत बोट घातलं, पानाची मागची बाजू बघितली, काही सापडलं नाही. कलावतीबाई "चांगली रुळली हो" म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. उत्तमरावांनी मोजलं आणि वही मिटून खिशात ठेवली. "आता काय, काळजी मिटली," असं म्हणत चहा पिऊन तासाभरात सगळे निघाले. मी दारात छाती काढून उभा होतो.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी हेमाने सवयीने पोहे भिजवले, आणि अकरा वाजता आम्ही दोघं समोरासमोर बसून ते खात होतो. परातभर होते. बेल वाजली, ती धावत गेली. डिलिव्हरीवाला होता, तोही शेजारच्यांचा.

मी म्हटलं, "बघितलंस, अबोली कशी फुललीय?"

"हो, छान झालीत झाडं." मग ती पोह्यांत चमचा फिरवत राहिली. "फारच छान झालीत हो. आता कुणाला यायचं कारणच उरलं नाही."

"अगं, न सांगता यायला काय झालं त्यांना? फोन करून बोलाव."

"असं कसं बोलावू? तुम्ही गच्चीवर सगळ्यांसमोर सांगून आलात, आता इकडे येणं होणार नाही म्हणून. त्यांना वाटतं आपण मोठे झालो. लेकीला बघायला येणं निराळं. मोठ्या लोकांकडे कोण उगाच जातं?" ती उठली. "दिवाळी पुढच्या आठवड्यात आली. मी उद्या डोंबिवलीला जाऊन घर झाडून येते. तिकडेच लावीन या वर्षी आकाशकंदील."

ती आंघोळीला गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. गेले चार महिने मला या घरात काय होत होतं ते काही समजलंच नव्हतं. मला वाटलं होतं ते लोक माझा अपमान करायला येतात. अहो, ते माझा अपमान करत होते तेवढाच वेळ माझी बायको या घरात हसत होती! आणि मी मूर्खाने दौलतकडे जाऊन, बोटं मातीत घालून घालून, सगळं सुरळीत करून ठेवलं. मला रडूच यायला लागलं. चोपन्नाव्या वर्षी, परातभर पोह्यांसमोर.

बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता. म्हणजे माझ्याकडे दहा मिनिटं होती. मी स्वयंपाकघरात जाऊन वाटीत हळद घेतली, त्यात चमचाभर तेल कालवलं आणि मनी प्लांटच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात हिरव्या पानाला ती बोटाने फासली. कडांना जास्त, मध्ये कमी. अजून दोन पानं केली. आयुष्य लोकांचे खोटे दावे पकडण्यात गेलं, त्यामुळे खोटा दावा कसा करतात हे मला पक्कं माहीत होतं. फोटो जरा हलवून काढायचा, म्हणजे बारकावे दिसत नाहीत. तो डोंबिवलीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं:

'बाई, माझ्या हातून घात झाला. फाजील आत्मविश्वास नडला. बाकीच्या झाडांचंही लक्षण ठीक दिसत नाही. आम्हाला इथे कुणी विचारणारं नाही. गच्चीवर मी जे बोललो तो मूर्खपणा होता. सगळ्यांनी येऊन बघावं ही विनंती. हेमालाही फार वाटतं.'

हेमा केस पुसत बाहेर आली तेव्हा तिचा फोन वाजत होता, आणि माझाही. "अहो, काय केलंत तुम्ही?" ती ओरडली. "बाई म्हणतायत निघालो. कलावती म्हणते, मी तेव्हाच म्हटलं होतं भावोजींच्या हाताला यश नाही म्हणून. अहो, काय केलंत? सकाळपर्यंत तर धडधाकट होतं!" एवढं एका दमात ती चार महिन्यांत माझ्याशी बोलली नव्हती. बोलता बोलता तिने कांदे चिरायला घेतले, परत पोहे भिजवले आणि माझी अक्कल काढणं चालू ठेवलं. मी कोपऱ्यात उभा राहून ते सगळं ऐकून घेतलं. कानाला बरं वाटत होतं.

दीड वाजता वॉचमनचा फोन आला. त्याचा आवाज गंभीर होता. "साब, पूरा मायका आया है।"

सात जण होते. कलावतीबाईंनी अबोली छातीशी धरली आणि फुललेली असूनही 'आतून खचलीय' असं निदान केलं. उत्तमरावांनी येताना भिंग आणलेलं. सून, नातू, सगळे सगळ्या खोल्यांत पसरले. मला मधे उभं करून सगळ्यांनी यथेच्छ झोडपलं. मी एकदाही उलटून बोललो नाही. "हो," "चुकलं," "माझंच चुकलं," एवढंच म्हणत राहिलो. स्वयंपाकघरातून हेमा मधूनमधून "अजून सांगा हो त्यांना!" असं ओरडत होती.

मंदाकिनीबाई मनी प्लांटपाशी गेल्या. चष्मा बदलला. पिवळ्या पानावरून बोट फिरवलं आणि थांबल्या. बोट डोळ्यांजवळ नेलं. मग नाकाजवळ नेलं. मग हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई ती. माझे हात पाठीमागे गेले. आतून भांड्यांचा, हसण्याचा आणि हेमाच्या मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता. बाईंनी तो थोडा वेळ ऐकला. मग कमरेचा रुमाल काढून बोट स्वच्छ पुसलं, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "क्षिप्राचे बाबा, हे काही एका दिवसाचं दुखणं नाही. मला आता दर रविवारी यावं लागणार. आम्हा सगळ्यांनाच यावं लागणार."

"हो, बाई."

आतून हेमाचा आवाज आला, "उत्तमराव, ते तुमचे ओळखीचे भाड्याने घर बघतायत म्हणत होतात ना? त्यांना सांगा, आमचं डोंबिवलीचं घ्या म्हणावं. दिवाळीआधी आले तरी चालेल. आणि तुम्ही सगळे पहिल्या आंघोळीला इकडेच या फराळाला."

मी तसाच हात पाठीमागे धरून खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. बाई माझ्या जवळ सरकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी तेल नको. पाण्यात कालवा, आणि कापसाने लावा. बोटांचे ठसे उमटलेत."